मधुभाऊंना उठवणारं गाणं

हेमाताई परचुरे पंच्याहत्तरीला टेकल्या, पण अजूनही जिना चढताना कठड्याला हात लावत नाहीत. कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर पी.टी. शिकवली. निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने शाल-श्रीफळ दिलं. श्रीफळ त्यांनी घरी आणलं आणि शाल तिथल्याच एका मावशींना देऊन टाकली, कारण शाल पांघरली की माणूस म्हातारा होतो असं त्यांचं मत आहे. त्यांना मतं बरीच आहेत आणि ती त्या स्वतःजवळ ठेवत नाहीत. दूधवाला पोक काढून उभा राहिला तर आधी त्याला सरळ करतात, मग पिशवी घेतात.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. टेलिफोन खात्यातून सुटले तेव्हा माझा बेत अगदी साधा होता. इतकी वर्षं बसून काम केलं, आता बसून आराम करायचा. हेमाताईंनी तो बेत पहिल्याच आठवड्यात हाणून पाडला. रोज सकाळी दारावर थाप पडायची आणि चप्पल घाल म्हणून हुकूम व्हायचा. मी गुडघ्याचं कारण सांगितलं तर म्हणाल्या, गुडघा गंजलाय, चाललीस की सुटेल. एमआयडीसीतल्या केमिकलचा वास सुटलाय म्हटलं तर म्हणाल्या, तो घरात येत नाही का? अशा बाईचा शेजार सोपा नसतो. माझी शुगर आटोक्यात आहे ती त्यांच्यामुळे, पण हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलणार नाही.

त्यांचे यजमान मधुभाऊ म्हणजे दुसरं टोक. मधुभाऊ गात नाहीत, वाजवत नाहीत, ते ऐकतात. आमच्या डोंबिवलीत हा मानाचा पेशा आहे. विमा कंपनीतली नोकरी त्यांनी केली ती मैफलींच्या तिकिटांचा खर्च निघावा म्हणून. कुठल्याही म्युझिक सर्कलच्या कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत, तबल्याच्या बाजूला. गवई समेवर आला की मधुभाऊंची मान खाली जायची, आणि ती गेली की मागच्या दोन रांगांच्या माना खाली जायच्या. मागच्यांना सम कळत नसे, मधुभाऊ कळत.

अशा माणसाच्या गळ्यात हेमाताई पडल्या, ज्यांना सूर म्हणजे काय हे कुणी सांगूनही कळलं नसतं. आवाज खणखणीत, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा, पण कुठल्याही पट्टीत न बसणारा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्या भाजी चिरताना काहीतरी गुणगुणत होत्या. मधुभाऊ पेपर बाजूला ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, की तेवढं सोडून तू काहीही कर. तेव्हापासून त्या घरात गायल्या नाहीत. अगदी साकेतला, म्हणजे त्यांच्या मुलाला, झोपवतानासुद्धा त्यांनी पाढे म्हटले. त्या हा किस्सा हसत सांगतात. मला ऐकताना कधी फारसं हसू आलं नाही.

यंदाच्या पावसाळ्यात मधुभाऊ ठाण्याला एका मैफलीला गेले होते. भैरवी संपली, बाकीच्यांनी डोळे उघडले, मधुभाऊंनी उघडले नाहीत. तसेच भैरवीत ते नाट्यगृहाच्या पायऱ्या उतरले, आणि शेवटच्या दोन पायऱ्या त्यांनी एकदमच घेतल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत नवा बॉल बसला, सगळं व्यवस्थित झालं. आता प्रश्न होता घरी आणायचा. आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. खालच्या गॅरेजमधल्या दोन माणसांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं. प्रत्येक दारात माणसं उभी. मधुभाऊंनी हात जोडून सगळ्यांना नमस्कार केले, पण चेहरा कानकोंडा झाला होता. वर येऊन ते बाहेरच्या खोलीतल्या आरामखुर्चीत बसले, आणि मग बसलेच.

व्यायाम शिकवायला दक्षता नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊ लागली. डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या अंगाला कोळ्यांची जुनी वस्ती आहे, तिथली. तिशीची, स्कूटरवरून येणारी, बोलायला फटकळ. तिने पहिल्याच दिवशी हेमाताईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की बॉल झकास बसलाय, आता प्रश्न स्नायूंचा आहे. हे दोन-तीन महिने काका उठले, चालले, जिना चढले-उतरले तर पूर्वीसारखे होतील. नाही उठले तर पुढचं सगळं आयुष्य या खुर्चीत.

बेंगळुरूला असलेल्या साकेतने हे फोनवर ऐकलं आणि त्याच्या स्वभावाप्रमाणे लगेच तोडगा काढला. शीळफाट्याच्या पुढे ज्येष्ठांसाठी नवी वसाहत झाली होती. लिफ्ट, नर्स, भिंतींना धरायला दांडे, आणि मंगळवारी संगीतोपचार. दिवाळीला आलो की दोघांना घेऊन जातो, जागा बघून ठेवू, असं त्याने ठरवलं. मधुभाऊ म्हणाले, चालेल. दुसऱ्या दिवशी फिरायला निघालो तेव्हा हेमाताई गेटपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "निशा, त्यांना तिथे नेलं तर ते बसूनच राहतील गं. बसायचीच सोय आहे तिथे. आणि मी तिथे रोज सकाळी कुणाचं दार वाजवू?"

त्यांच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी दिवसभर साकेतवर चिडून होते.

हेमाताईंनी मग कंबर कसली. एकट्याने व्यायामाचा कंटाळा येतो, चारचौघांत माणूस हलतो, हा त्यांचा शाळेतला अनुभव. मधुभाऊ खाली येऊ शकत नाहीत, तर वर्ग वर भरेल. बाहेरच्या खोलीतला सोफा भिंतीला गेला आणि आम्हा पाच-सहा म्हाताऱ्या-कोताऱ्यांना सकाळी हजर राहायचं फर्मान निघालं. पहिल्या मजल्यावरचे दौलतरावही आले. त्यांना ऐकू कमी येतं, पण चहा असेल तिथे ते हमखास असतात. हेमाताईंनी शिट्टी वाजवली. आम्ही हात वर केले. मधुभाऊंनी पाय हलवला नाही. म्हणाले, मी काही सातवी ब मधला नाही.

दक्षता म्हणाली, "काकू, शिट्टीने नाय होणार. गाणी लावा. आमच्याकडे हळदीला बँड वाजला की म्हाताऱ्या काठ्या टाकून नाचतात. माझी सगुणाआजी एरवी मोरीपर्यंत जायला कण्हते, पण बँड आला की तिला धरून बसवावं लागतं. ती म्हणते, बाजा वाजला का पाय कुनाचा आयकत नाय." पुढे तिने असंही सांगितलं की हे नुसतं आजीचं म्हणणं नाही, तिच्या अभ्यासातही आहे. ताल असला की म्हातारी माणसं जास्त वेळ चालतात, पाऊल सरळ पडतं आणि दमायला कमी होतं.

हेमाताईंना हे पटलं. फक्त त्यांनी एक विचार स्वतःच्या डोक्याने केला. नवऱ्याला हलवायचं तर नवऱ्याच्या आवडीचंच गाणं लावावं. मधुभाऊंच्या संग्रहातून त्यांनी सकाळची तोडी काढली आणि त्यातही सगळ्यांत लांब ध्वनिमुद्रण निवडलं. गाणं जितकं लांब तितका व्यायाम जास्त, असा त्यांचा हिशेब. विलंबित ख्यालात दोन मात्रांच्या मध्ये माणूस कुकर लावून येऊ शकतो, हे त्यांना कोण सांगणार.

आम्ही हात वर केले. तानपुरे सुरू झाले. गवयाने पहिला षड्ज लावला आणि खोलीत एकदम शांतता झाली. माझे हात कधी खाली आले मला कळलं नाही. शेजारच्या बाई हळूच सोफ्याच्या कडेला टेकल्या. एकाने चष्मा काढून डोळे मिटले. थोड्या वेळाने आम्ही सगळेच मांडी घालून जमिनीवर बसलो होतो, माझ्या गंजक्या गुडघ्यासकट. मधुभाऊ खुर्चीत आणखी खोल गेले होते आणि मांडीवर ठेका धरून अधूनमधून "वा" म्हणत होते. खोलीच्या मध्यभागी दोनच माणसं हात वर करून उभी होती. हेमाताई, आणि दौलतराव, ज्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

यात कुणाचा आळस नव्हता. डोंबिवलीच्या माणसाला लहानपणापासून हेच वळण आहे. चांगलं गाणं सुरू झालं की बसायचं, हलायचं नाही, खोकलासुद्धा आवरायचा. गाण्यावर हातपाय हलवणं म्हणजे गाण्याचा अपमान. आणि हे व्रत घरात सगळ्यांत कडक पाळणाऱ्या माणसाला हलवायला हेमाताईंनी तोडी लावली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गाला दुप्पट माणसं आली. येताना उशा घेऊन आली. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी थर्मास आणला होता. आज भटियार लावणार का, अशी चौकशी झाली, आणि दुपारचे राग दुपारीच ऐकायला हवेत, तेव्हा दुसरी बैठक ठेवता येईल का, असंही कुणी सुचवलं. हेमाताईंनी उशांसकट सगळ्यांना बाहेर काढलं. दक्षताला हे कळलं तेव्हा ती हसून हसून जिन्यातच बसली.

मग तिने स्वतःच्या मोबाइलवर भावाच्या हळदीचा बँड आणला. तो मात्र खरा व्यायाम झाला. माझी कंबर हलली, दौलतरावांना ढोलाची धडधड पायातून कळली आणि ते कुणाच्याही आधी नाचू लागले. मधुभाऊंनी पूर्ण ऐकलं. ठेका मोठा गोड आहे, क्लॅरिनेटवाला तयारीचा आहे, त्याने कुणाकडे तालीम घेतली, असं दक्षताला विचारलं. ती म्हणाली, तो दिवसा मासळीचा टेम्पो चालवतो. मधुभाऊ म्हणाले, वा. आणि मांडीवरची बोटं तेवढी हलवत राहिले. दक्षता जाताना म्हणाली, काकांचा बोटांचा व्यायाम मस्त होतोय, पण खुबा बोटांत नसतो.

गणपती आले, गेले. आरतीला सगळे उभे, मधुभाऊ खुर्चीत. दक्षता त्यांना धरून उभं करायची, दोन पावलं टाकायला लावायची, पाटावर चढवून उतरवायची. ती समोर असेपर्यंत ते निमूटपणे करायचे. तिची स्कूटर सुरू झाली की खुर्ची. हेमाताई ओरडल्या, रुसल्या, एकदा तर त्यांनी खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली, तर मधुभाऊ पलंगावर जाऊन बसले. मी एकदा वाटीभर खीर घेऊन गेले होते. हेमाताई बाहेर होत्या. मधुभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, की वहिनी, उभा राहिलो की हा पाय माझा वाटत नाही. तिला सांगू नका, ती घाबरेल. त्या दिवशी मला कळलं, की हा माणूस आळशी नाही, याला भीती बसलीय. मी सांगितलं नाही. पण हेमाताईंना ते आधीपासून ठाऊक असणार, कारण इतकी वर्षं मुलींना शाळेतल्या लाकडी घोड्यावरून उड्या मारायला लावणाऱ्या बाईला भीती चेहऱ्यावरून कळते.

नवरात्र संपता संपताची गोष्ट. सकाळी वर्ग भरला आणि वीज गेली. स्पीकर चार्ज केलेला नव्हता, दक्षताचा मोबाइल दक्षताबरोबर. आता ताल कशाचा धरायचा? हेमाताईंनी क्षणभर विचार केला, खिडकीपाशी गेल्या आणि टाळ्या वाजवत त्यांनी शाळेतलं लेझमीचं गाणं सुरू केलं. शाळेच्या संगीताच्या बाईंनी कधीतरी मुलींसाठी जुळवलेलं, साधंसुधं.

"उजाडलं गं खाडीवरती, होड्या सुटल्या दूर,
घ्या गं पोरींनो लेझीम हाती, पायांत आला पूर."

शब्द चांगले होते. बाकी सगळं भयंकर होतं. पहिली ओळ एका पट्टीत, दुसरी दुसऱ्या, आणि 'पूर' हा शब्द तर त्यांनी कुठल्याही पट्टीत ठेवला नाही. आम्ही डोंबिवलीकर असलो तरी सभ्य आहोत, आम्ही हात हलवत राहिलो. मधुभाऊंचा चेहरा दाढ दुखल्यासारखा झाला. ते म्हणाले, हेमा, जरा खाली घे. टाळ्यांमध्ये त्यांना ऐकू गेलं नाही. ते म्हणाले, अगं, निदान षड्ज तरी सोडू नकोस. त्या आणखी वर गेल्या. तिसऱ्यांदा 'पूर' आला तेव्हा मधुभाऊंनी शेजारचा वॉकर ओढला, खुर्चीच्या हातावर जोर दिला, आणि उठले. उठून थेट खिडकीकडे चालू लागले.

आमचे हात हवेत तसेच राहिले. खिडकीशी पोचून त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "इथे, इथे आहे सा. ऐक." आणि त्यांनी हलकेच सा लावला. मग त्यांना आमच्या चेहऱ्यांवरून आपण कुठे उभे आहोत ते कळलं, आणि ते घाईने जवळच्या स्टुलावर बसले. त्या दिवशी चहा प्यायला कुणीच थांबलं नाही. आम्ही जिन्यात येऊन एकमेकांकडे बघितलं आणि मुकाट्याने आपापल्या घरी गेलो.

कळ सापडली होती. चांगलं गाणं मधुभाऊंना बसवतं, बेसूर गाणं उठवतं. हेमाताईंनी मग काही हातचं राखलं नाही. सकाळी खिडकीशी, दुपारी स्वयंपाकघरात, संध्याकाळी गॅलरीच्या पार टोकाला. त्यांना गाणं एकच येत होतं, त्यामुळे खाडीवर दिवसातून बऱ्याचदा उजाडायचं. मधुभाऊ कुरकुरत उठायचे, वॉकर घेऊन जायचे, सा दाखवायचे, परत यायचे. खोलीपासून गॅलरीपर्यंत, पुढे तर वॉकर सोडून नुसत्या काठीवर. दक्षताने विचारलं, काकूंनी काय जादू केली. मी म्हटलं, थांब, आत्ता ऐकू येईल.

बिल्डिंगीने हे कसं सोसलं ते बिल्डिंगीलाच ठाऊक. तिसऱ्या मजल्यावरच्यांचा सकाळचा रेडिओ बंद पडला. एका भाडेकरूने सोसायटीकडे तक्रार करायची भाषा केली, तर दौलतरावांनी त्याला जिन्यात गाठून दम दिला, की मला तर काही ऐकू येत नाही, तुम्हालाच कसं येतं? सगळ्यांना ठाऊक होतं हे कशासाठी चाललंय. म्हणून सगळ्यांनी कापूस घेतला आणि गप्प बसले.

एकच गोष्ट राहिली होती, जिना. दक्षताने पाटावर धडा पक्का करून घेतला होता. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पण दाराबाहेर पाऊल टाकायला मधुभाऊ तयार नव्हते. पायऱ्यांचं नाव काढलं की त्यांना तहान लागायची. हेमाताई जिन्यात उभ्या राहून गायल्या, तर ते दारापर्यंत यायचे, उंबऱ्याआतून सा द्यायचे आणि मागे फिरायचे.

आणि मग भलतंच झालं. इतके दिवस रोज, दिवसातून कितीतरी वेळा, कानाशी सा मिळाला की दगडालाही थोडा सूर चिकटतो. दिवाळीच्या आधी एके दुपारी मी गॅलरीत कपडे काढत होते. पलीकडून खाडीवर उजाडलं. मी सवयीने दात आवळले, आणि मग दोरीवरची साडी हातात धरून तशीच उभी राहिले. पहिली ओळ बरोबर लागली. दुसरीही लागली. आवाज पूर्वीचाच, खणखणीत, जरा खरखरीत, पण जागेवर. मी वाट बघितली. आतून काठीची टकटक आली नाही. आली ती "वा".

हेमाताई माझ्याकडे आल्या त्या रडवेल्या होऊन. म्हणाल्या, आता ते उठतच नाहीत, डोळे मिटून ऐकतात. मी म्हटलं, मग मुद्दाम चुकवा. त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून चुकवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. जन्मभर जे आपोआप होत होतं ते आता करू म्हटलं तरी होईना. "निशा, लग्नाला एवढी वर्षं झाली, पहिल्यांदा माझ्या कशाला तरी 'वा' म्हणाले," त्या म्हणाल्या, "आणि मी त्याने खूश होऊ शकत नाही." मी चहा टाकला. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं की माझी पहिली ओळ खरंच बरी लागते का. मी हो म्हटलं.

साकेत धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आला. बाबा घरात गरजेपुरते काठी घेऊन चालतात हे बघून त्याला बरं वाटलं, पण तो व्यवहारी मुलगा. म्हणाला, दार ओलांडता येत नसेल तर हे चालणं म्हणजे मोठ्या खोलीतली खुर्चीच झाली की. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं, हेच वाईट. दुसऱ्या दिवशी सकाळी शीळफाट्याला जायला गाडी ठरली. मधुभाऊंना खाली न्यायला पुन्हा तीच दोन माणसं आणि तीच खुर्ची. निघायच्या वेळी साकेत त्यांना बोलवायला गॅरेजमध्ये गेला.

मी फराळाचा डबा द्यायला गेले तेव्हा मधुभाऊ कपडे करून खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा सदरा, काठी गुडघ्यांत. हेमाताई कपाटं बंद करत होत्या. मधुभाऊ म्हणाले, "हेमा, निघायच्या आधी तुझं ते म्हण." त्यांनी आजवर बायकोला गप्प राहायला सांगितलं होतं, म्हण असं पहिल्यांदाच सांगितलं. हेमाताई कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि गायला लागल्या. टाळ्या नाहीत, घाई नाही. उजाडलं गं खाडीवरती, होड्या सुटल्या दूर. मधुभाऊंचे डोळे मिटले. घ्या गं पोरींनो लेझीम हाती, आणि तिथे हेमाताईंचा आवाज फुटला. ओळ अर्धवट टाकून, डोळ्याला पदर लावून त्या दारातून बाहेर पडल्या आणि धडाधड जिना उतरून खाली गेल्या. नवऱ्यासमोर रडायची त्यांना सवय नाही.

मधुभाऊंनी डोळे उघडले. मान अर्धी झुकलेली, खाली यायची राहिलेली. समेच्या अलीकडे कुणी त्यांना असं टाकून गेलं नव्हतं. त्यांनी दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, खाली गेल्या. ते उठले. उंबऱ्याशी थांबले. मग त्यांनी कठडा धरला, काठी एक पायरी खाली टेकवली, दुखरा पाय टाकला, मग चांगला. मी मागे होते, पण माझ्यासारखी पडणाऱ्या माणसाला काय सावरणार? मी आपली देवाचं नाव घेत होते. पहिल्या मजल्यावर दौलतराव दार उघडून बाहेर आले आणि त्यांनी भिंतीला चिकटून वाट दिली. मधुभाऊंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. घाम आला होता, ओठ आवळलेले, नजर पायरीवर.

हेमाताई गेटपाशी तुळशीच्या कुंडीजवळ तोंड फिरवून उभ्या होत्या. काठीचा आवाज ऐकून वळल्या. मधुभाऊ त्यांच्यासमोर जाऊन थांबले, धाप लागली होती.

"अर्धवट का सोडलंस?" ते म्हणाले. "पुढचं?"

हेमाताईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग मागच्या जिन्याकडे, वरपर्यंत. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी तसंच होतं, पण पाठ ताठ झाली. जन्मभराची पी.टी. अशी एका सकाळीत जात नाही.

"पुढचं वर," त्या म्हणाल्या. "चला."

मधुभाऊ पहिल्या मजल्यावर दम खायला थांबले आणि निदान अर्धं इथे म्हण म्हणाले. त्या म्हणाल्या, नाही. तेवढ्यात साकेत त्या दोन माणसांना आणि खुर्चीला घेऊन खालून आला. वर चढणारे आईबाप बघून तो जिन्याच्या तोंडाशी थबकला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि शीळफाट्याची गाडी नको म्हणून कळवलं. त्या दोन माणसांना त्याने फराळाला वर बोलावलं. खुर्ची तिथेच राहिली, तिच्यावर मी बसले.

थोड्या वेळाने जिन्यातली काठीची टकटक थांबली. मी जिना चढून वर गेले. हेमाताई खोलीच्या मध्यभागी उभ्या राहून गात होत्या, पहिल्या ओळीपासून, नीट. मधुभाऊंच्या मागेच त्यांची आरामखुर्ची होती, हाताच्या अंतरावर. त्यांनी डोळे मिटले होते आणि मांडीऐवजी काठीच्या मुठीवर ठेका धरला होता. सगळं गाणं त्यांनी उभ्याने ऐकलं.